सहलीची वही आणि मोऱ्याची ओहोटी

मार्च महिना सरत आला, मुलांच्या परीक्षांचे वेळापत्रक भिंतीवर लागले, की आपल्या घरांतून आणखी एक वेळापत्रक हळूहळू आकार घेऊ लागते. रात्रीची जेवणे आटोपतात, रोझरी होते आणि मग कुणीतरी एक वही पुढ्यात ओढतो. कुठे जायचे, कशाने जायचे, कुठे उतरायचे, काय काय पाहायचे, खर्च किती येईल, सोबत कोण, याची यादी सुरू होते. आता पुष्कळ घरांत वहीची जागा मोबाईलने घेतली आहे. परंतु उत्साह तोच, वादविवाद तोच आणि शेवटी पाने भरून टाकण्याची हौसही तीच.

सुट्टीची ही आखणी आपण सोयीची बाब समजतो. तीत धर्माचा किंवा नीतीचा प्रश्न असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. कबुलीजबाबाच्या वेळी आपण क्रोध आठवतो, असत्य आठवतो, मिस्सा चुकवल्याचे आठवतो. सहलीचे वेळापत्रक आठवल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. तरीही एका सुट्टीत आमच्यावर असा प्रसंग आला, की त्या वहीकडे आम्ही पुन्हा पूर्वीच्या निरागसपणे पाहू शकलो नाही. तो प्रसंग आणि त्यातून उभा राहिलेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. सुट्टी घेणे, प्रवासाला जाणे, मन रिझवणे ही उधळपट्टी आहे असे आम्ही मानत नाही. आपल्या वाडवडिलांना असे वाटत असे, यात नवल नाही. शेत, वाडी आणि मासेमारी यांत वर्ष निघून जाई आणि विसावा म्हणजे सण, लग्न किंवा फार तर मोत माउलीची यात्रा. परंतु विसावा हा माणसाचा हक्क आहे, ही जाणीव आपल्याच भूमीत मोठ्या कष्टाने रुजली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावरील आपल्या परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. लोखंडे आणि पोप यांची गाठ कधी पडली नाही. पण थकलेल्या माणसाकडे दोघांनीही एकाच दृष्टीने पाहिले.

त्याही पूर्वी, तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विनोद यांचा विचार सद्गुणांच्या चर्चेत केला. तेथे ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेला पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यातील एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले आणि मग विचारले, की हे असेच अखंड करीत राहता येईल काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहानाने सांगितले, की माणसाच्या मनाचेही तसेच आहे.

विश्रांती हवी हे एकदा मान्य केले, की तिची आखणीही हवी हे ओघाने आलेच. ज्याच्यापाशी रिकामे दिवस आणि पैसा दोन्ही विपुल आहेत, तो वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जाऊ शकतो. आपल्यासारख्या प्रापंचिकांना वर्षातून मिळणार चार दिवस. त्यांतही एकाची रजा मंजूर तर दुसऱ्याची नामंजूर. अशा वेळी नीट चौकशी करून, वेळ आणि पैसा यांचा मेळ घालून सहल आखणे यात दोष तर नाहीच, उलट कुटुंबाविषयीची काळजी आहे. मग प्रश्न उरतो तो कोठे? तो आम्हांला मोऱ्याच्या धक्क्यावर भेटला.

*

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. उरणपर्यंत रेल्वे तेव्हा पोहोचायची होती आणि शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा सागरी पूल झालेला नव्हता. मे महिन्यात एका दिवसाची सहल काढावी, असे आमच्या नात्यातील चार घरांनी मिळून ठरवले. लहानथोर धरून आम्ही सतरा माणसे. मुलांना बोटीत बसायचे होते, मोठ्यांना समुद्रकिनारा हवा होता आणि खिशाला परवडेल असे काहीतरी हवे होते. तेव्हा मोरा ठरले.

मोरा हे उरणचे बंदर. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते आणि तासाभरात मोऱ्याला लागते. ज्यांच्या नावाने हा धक्का ओळखला जातो ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकापासून कोकणात जाणाऱ्या किती पिढ्यांनी या धक्क्यावर पाय ठेवला असेल, याची गणती नाही. आमच्या वहीत मात्र त्याच्यापुढे एवढेच लिहिले होते: ‘सकाळी 8, भाऊचा धक्का.’ त्याखाली: ‘9, मोरा. 9.20, रिक्षा. पिरवाडीचा किनारा 12.30 पर्यंत. जेवण. 2, करंजा. 4, मोऱ्याहून लाँच. 5, मुंबई. 6, गेटवे. 7.30, आइस्क्रीम. 9, परतीची गाडी.’

चौकशीत आम्ही काही कमी राहू दिले नव्हते. रिक्षाचे दर विचारले होते, ताजे मासे कोठे मिळतात ते काढले होते, किनाऱ्यावर सावली आहे का, मुलींची आणि बायकांची सोय आहे का, सारे पाहिले होते. कचेरीतील उरणकर मित्रांना विचारले होते, नकाशा पाहिला होता. वही तयार झाली तेव्हा एखाद्या लग्नाची बोलणी नीट पार पडावीत तसे समाधान आम्हांला वाटले.

ती वही आम्ही घरात वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांत आमची आते होती. तिने तेव्हा ऐंशीचा उंबरठा गाठला होता. तिचा जन्म मोऱ्याचा. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, उरणकडच्या मिठागराच्या कचेरीत कारकून होते. आते अकरा वर्षांची असताना कुटुंबाने मोरा सोडले आणि त्यानंतर ती तिकडे कधी गेली नाही. तिच्या बोलण्यात मात्र मोरा नेहमी येई. पाणी गोड लागले की मोऱ्याची विहीर, वारा सुटला की मोऱ्याचा वारा. आम्ही पोरे हसत असू.

वही वाचून झाल्यावर तिने विचारले, “मोऱ्याला किती वेळ थांबायचं?”

“वीस मिनिटं, आते. उतरायचं आणि रिक्षा पकडायची.”

ती थोडी थांबली आणि म्हणाली, “मग मला बंदरावरच सोडा. तुम्ही फिरून या. मी बसेन तिथं.”

“छे, तुला एकटीला कसं सोडणार? आणि मोऱ्याला बघण्यासारखं आहे तरी काय?”

आते यावर काही बोलली नाही. आम्हीही पुढच्या गोष्टीकडे वळलो. कटलेट किती लागतील याचा हिशेब करायचा होता.

*

सहलीचा दिवस चांगला उजाडला. लाँच वेळेवर सुटली, मुले कठड्याशी उभी राहिली, सीगल पक्षी मे महिन्यात दिसत नाहीत म्हणून थोडी हिरमुसली आणि मोठमोठी जहाजे पाहून लगेच खूश झाली. मोऱ्याला पोहोचलो तेव्हा पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना लागले होते. आते खाली उतरली, एका गल्लीकडे पाहत उभी राहिली. पण रिक्षा आल्या होत्या. वीस मिनिटांऐवजी पंधराच मिनिटांत आम्ही निघालो आणि पाच मिनिटे वाचवल्याचा आम्हांला अभिमान वाटला.

पिरवाडी झाली, जेवण झाले, करंजाही झाले. चारला दहा मिनिटे कमी असताना आम्ही मोऱ्याच्या धक्क्यावर परत हजर होतो. आणि समोर पाणीच नव्हते. सकाळी जेथे लाटा पायऱ्यांना धडकत होत्या तेथे दूरवर काळाभोर गाळ पसरला होता. होड्या त्यात एका अंगावर कलल्या होत्या. तिकिटाच्या खिडकीशी चौकशी केली तेव्हा शांतपणे उत्तर मिळाले, “आता लाँच नाही. पाणी आल्यावर सुटेल. साडेसहा तरी होतील.” तशी सूचनाही लावलेली होती. सकाळी आम्ही ती वाचली नव्हती, कारण त्या वेळी आम्ही पाच मिनिटे वाचवीत होतो.

बाजूलाच एक वयस्कर कोळीबाबा जाळे विणत बसले होते. त्यांनी आमची गडबड ऐकली आणि विचारले, “आज तिथी कोणची?” सतरा जणांपैकी एकालाही सांगता येईना. “तेरस,” तेच म्हणाले. “तेराची पाऊणपट करा. पावणेदहा. पावणेदहाला भरती पुरी झाली, तर चारला सुकती. आणि पुनव जवळ आली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी वर चढणार तेवढंच खाली जाणार.”

तिथीच्या आकड्याला पाऊणपट करावे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे मिळते. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब आपल्या किनाऱ्यावरचे कोळी आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग चालतो, एवढेच त्यातले शास्त्र. आम्ही रिक्षाचे दर विचारले, माशांचे दर विचारले; ज्या पाण्यावरून जायचे होते त्याच्याविषयी मात्र कुणालाच काही विचारले नाही.

रस्त्याने वाशीमार्गे जाण्याचा विचार झाला. पण आतेला बसचा लांबचा प्रवास सोसत नसे आणि सतरा जणांना एकत्र जागा मिळणे कठीण होते. मग एकमेकांवर राग काढणे सुरू झाले. वेळापत्रक कुणी केले, चौकशी कुणावर सोपवली होती, गेटवेचे काय, आइस्क्रीमचे काय. मुले रडकुंडीला आली. सतरा जणांत एकच माणूस प्रसन्न होते. आते उठली, दोन नातवंडांचे हात धरले आणि म्हणाली, “आता वेळ आहे ना? चला तर मग.”

तिच्यामागून आम्ही त्या गल्लीत शिरलो. घर राहिले नव्हते. त्या जागी दुमजली इमारत होती. विहीर होती, तिच्यावर जाळी बसवलेली. शेजारच्या घरातील बाईंनी आम्हांला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले, नंतर चहाही केला. आते विहिरीच्या कठड्याला हात लावून उभी राहिली आणि मुलांना सांगू लागली. आम्ही मोठी माणसे आधी चहा पीत इकडेतिकडे पाहत होतो; मग तीही ऐकू लागली.

17 जुलै 1947 चा तो दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट त्या सकाळी खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या वडीलधाऱ्या माणसांना ही तारीख अजून सांगावी लागत नाही. आजोबा त्याच दिवशी कचेरीच्या कामाने मुंबईला होते. संध्याकाळच्या लाँचने ते परतायचे होते. त्या वादळात मोऱ्याला लाँच आली नाही. बोट बुडाल्याची बातमी मात्र आली. कोणती बोट, किती माणसे, कुणाला काही धड ठाऊक नव्हते. आजी रात्रभर बंदरावर उभी राहिली. अकरा वर्षांची आते तिच्या पदराला धरून होती. दुसऱ्या दिवशी आजोबा सुखरूप आले. परंतु आजीने तेथेच सांगितले, की आता या पाण्याच्या पलीकडे राहायचे नाही. पावसाळा सरताच कुटुंबाने मोरा सोडले.

आजोबांना चांगली नोकरी मिळाली म्हणून आपण तिकडून आलो, असेच आम्ही लहानपणापासून समजत होतो. आमची चारही घरे आज जेथे आहेत तेथे ती का आहेत, याचे खरे कारण त्या धक्क्यावर होते. आणि त्या धक्क्याला आम्ही वीस मिनिटे दिली होती.

दिवेलागणीला पाणी चढले, लाँच आली आणि आम्ही मुंबईला परतलो. गेटवे राहून गेले.

*

पुढे त्या दिवसाची आठवण निघाली की आम्ही म्हणत असू, बरे झाले, ओहोटी आली. परंतु जरा विचार केला की या वाक्यानेच अस्वस्थ व्हायला होते. आतेला तिच्या जन्मगावी तीन तास मिळाले, ते आम्ही दिलेले नव्हते. ते समुद्राने दिले. आम्ही तर गणित बरोबर केले असते, तिथी पाहून लाँच दोनला पकडली असती, तर तिला काहीच मिळाले नसते आणि आपले काही चुकले असे आम्हांला जन्मात वाटले नसते. आमची चूक झाली म्हणून चांगले घडले. ते पुण्य आमच्या खात्यावर कसे जमा करायचे?

तेव्हा दोष कोठे होता? आखणी करण्यात नव्हता. आमची आखणी अपुरी होती आणि हे अपुरेपण केवळ माहितीचे नव्हते. संत थॉमस यांनी विवेक या सद्गुणाचे जे घटक सांगितले आहेत त्यांत दूरदृष्टी आहे. पुढचे ओळखून आजची तजवीज करणे. परंतु तिच्याच सोबत त्यांनी आणखी एक घटक ठेवला आहे: शिकण्याची तयारी. जगण्याच्या व्यवहारात कोणीही एकटा स्वतःला पुरेसा नसतो. वडीलधाऱ्यांचे आणि अनुभवी माणसांचे ऐकून घ्यावे लागते, असे ते म्हणतात. आमच्या वहीत दूरदृष्टी होती. शिकण्याची तयारी नव्हती. कोळीबाबांना आम्ही तिथी विचारली नाही आणि आतेला मोरा विचारला नाही. पहिल्याची शिक्षा लगेच मिळाली म्हणून ती चूक आम्हांला दिसली. दुसरी चूक अधिक मोठी होती. तिची शिक्षा मिळत नाही, म्हणून ती आपल्या घराघरांतून दरवर्षी होत असते.

‘बघण्यासारखं आहे तरी काय?’ हा आमचा प्रश्न आता आम्हांला बोचतो. सहलीची चौकशी आपण याच प्रश्नाने सुरू करतो आणि त्याच्या चाळणीतून जे खाली पडते ते आपल्या लेखी नसल्यासारखे होते. उरणचेच पाहा. पर्यटकाला उरण म्हणजे किनारा आणि मासे. पण याच तालुक्यातील चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसे हुतात्मा झाली. याच तालुक्यात जानेवारी 1984 मध्ये, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींना न्याय्य मोबदला मिळावा म्हणून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जण गोळीबाराला बळी पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे जे धोरण पुढे आले त्याच्यामागे हे रक्त आहे. 1989 मध्ये सुरू झालेले न्हावाशेव्याचे मोठे बंदर आपण लाँचमधून कौतुकाने मुलांना दाखवतो. त्याच्या जागी कुणाची शेते आणि कुणाची मिठागरे होती, हे दाखवायला तेथे काही उरलेले नसते.

मोऱ्यासमोरच्या घारापुरीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तेथील लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. देशोदेशींची माणसे त्रिमुखी महेशमूर्ती पाहायला येतात आणि शेवटच्या लाँचने झगमगत्या मुंबईकडे परततात. त्या बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांना समुद्राखालून टाकलेल्या तारेने वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, पुढे अंधार. इतक्या वर्षांत किती लक्ष वह्यांत घारापुरी लिहिली गेली असेल! लेण्यांना सोमवारी सुट्टी असते हे त्या प्रत्येक वहीत असणार. शेवटची लाँच गेल्यावर मागे राहिलेली माणसे काय करतात, हे कितींनी विचारले असेल? आम्ही स्वतःही घारापुरीला दोनदा गेलो होतो आणि विचारले नव्हते.

याचा अर्थ सहलीला गेलेल्या माणसाने इतिहासाची परीक्षा द्यावी किंवा दुःखाचे प्रदर्शन पाहत हिंडावे असा नाही. मुलांना वाळूत खेळायचे असते आणि ते योग्यच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जेथे आपण विसाव्याला जातो तेथे कुणाचे तरी घर असते आणि ज्यांच्याबरोबर जातो त्यांच्या मनात काहीतरी असते. या दोन गोष्टी ज्या वहीत येत नाहीत, ती कितीही बारकाईने लिहिली तरी अपुरीच राहते.

*

येथे कुणी म्हणेल, मग आखणीच कशाला? देवावर भार टाकून निघावे, जे घडेल ते खरे. हा विचार भाविक वाटतो. पण आम्हांला तो पटत नाही. रामदास बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. तिच्या संकटाची हाक किनाऱ्याला ऐकू गेली नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जण मृत्यू पावले. मुलाबाळांना घेऊन सहलीला निघालेली माणसेही त्यांत होती. अशा घटनांनंतर जीवरक्षक जाकिटे अंगावर आहेत का, बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे तर नाहीत ना, हवामान कसे आहे, हे न पाहता निघणे याला श्रद्धा म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेतल्यावर बेफिकीर राहणे हा दोषच आहे.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात व्यापाऱ्यांची कानउघाडणी केली आहे. आज ना उद्या अमक्या नगराला जाऊ, वर्षभर राहू, कमाई करू, असे ते म्हणत असतात आणि उद्या काय होणार हे तर त्यांना ठाऊक नसते. याकोब त्यांना जाऊ नका म्हणत नाही. बेत करू नका असेही म्हणत नाही. प्रभूच्या इच्छेला त्या बेतात जागा ठेवा, एवढेच सांगतो. आपण घरात ‘देवाची मर्जी’ असे सहज बोलून जातो. पण सकाळी 8 पासून रात्री 9 पर्यंतची प्रत्येक वीस मिनिटे ज्याने भरून टाकली आहेत, त्याच्या वहीत देवाच्या मर्जीला जागा आहे कोठे?

संत मार्कच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय आम्हांला या संदर्भात पुन्हा वाचावासा वाटला. प्रेषित कामावरून थकून परतले आहेत. लोकांची वर्दळ इतकी, की जेवायलाही सवड नाही. प्रभू येशू त्यांना निर्जन जागी विसाव्याला चला असे सांगतो आणि सारे मचव्यात बसून निघतात. बेत प्रभूनेच केलेला आहे. पण लोक ते पाहतात, किनाऱ्याने धावत जातात आणि त्यांच्या आधी तेथे पोहोचतात. मचवा लागतो तेव्हा निर्जन जागा माणसांनी भरलेली असते. प्रभू त्रासत नाही. त्याला त्यांचा कळवळा येतो आणि तो त्यांना शिकवू लागतो.

या प्रसंगावरील प्रवचने आपण पुष्कळ ऐकली आहेत आणि बहुधा ती येथेच थांबतात. पण त्याच अध्यायात पुढे काय आहे तेही पाहावे. लोकांना जेवू घातल्यावर प्रभू शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवतो, लोकांना निरोप देतो आणि स्वतः प्रार्थनेसाठी एकटाच डोंगरावर जातो. विसावा मोडला गेला नाही. तो माणसांना वाट देण्यासाठी पुढे सरकला आणि मग घेतला गेला. हे सांगण्याचे कारण असे, की घरोघरी ‘दुसऱ्यासाठी’ या नावाखाली एकाच व्यक्तीची विश्रांती नेहमी पुढे सरकते आणि ती कधीच घेतली जात नाही. ज्या सहलीसाठी आई पहाटे तीनला उठून सतरा जणांचा डबा करते, किनाऱ्यावर तो वाढते आणि रात्री घरी येऊन भांडी घासते, ती सहल सोळा जणांची असते. आमच्या वहीत कटलेटचा आकडा होता. ती कोण तळणार हे लिहिलेले नव्हते, कारण ते सर्वांनी गृहीत धरले होते.

*

12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. आता उरणला जाणाऱ्याला तिथी मोजण्याची गरज नाही. ही सोय चांगलीच झाली; उरणकरांनी तिची फार वर्षे वाट पाहिली होती. आजीसारखी एखादी माता आता रात्रभर धक्क्यावर उभी राहणार नाही, हे काय थोडे आहे? पण आम्हांला त्या दिवशी अडवून धरणारी ओहोटी पुलावर येत नाही. तेथे आपल्याला कुणी थांबवणार नाही. थांबायचे असेल तर ते आपले आपणच ठरवावे लागेल, आणि आधीच.

म्हणून आम्ही आमच्या घरापुरते काही नियम केले आहेत. वही उघडली की पहिला प्रश्न घरातील सर्वांत वडील माणसाला विचारायचा: तुला कुठे थांबावेसे वाटते? दुसरा प्रश्न त्या गावच्या माणसाला विचारायचा आणि तो दराविषयीचा नसावा. जेवणाचा भार कुणावर पडणार, हे सर्वांसमक्ष लिहायचे आणि ते नाव दरवर्षी बदलायचे. आणि दिवसातील एक ओळ कोरी ठेवायची. तिच्यात काय येईल हे आपल्याला माहीत नसते. कधी पाऊस येतो, कधी कुणी भेटतो, कधी काहीच येत नाही आणि माणसे नुसती बसून राहतात. हे नियम पाळणे सोपे नाही. कोरी ओळ दिसली की ती भरून टाकण्याचा मोह होतो आणि मुले तर तीत हमखास आइस्क्रीम लिहितात.

मोऱ्याच्या सहलीनंतरच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा वही काढली, तेव्हा झाल्या प्रकाराने शहाणे होऊन एकाने आधीच भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवली होती आणि लाँच अडकणार नाही असा दिवस शोधला होता. आते खुर्चीत बसून ऐकत होती. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, “असं नको. पंचांग आणा आणि तेरस कधी आहे ते बघा. मागच्या वेळी फार घाई झाली.”